प्रथिन मोजताना नक्की काय मोजलं जातं? सांगली-मिरजेच्या लॅबमध्ये नव्याने येणाऱ्यांसाठी

बी.एस्सी. किंवा डीएमएलटी करून सांगली-मिरज पट्ट्यातल्या एखाद्या लॅबमध्ये लागलात, तर पहिल्या महिन्यात दोन कामं हमखास तुमच्या वाट्याला येतात. एक म्हणजे सँपलमधलं एकूण प्रथिन काढणं, आणि दुसरं म्हणजे एलायझाची, म्हणजे अँटिबॉडी आणि एन्झाइम वापरून ठरावीक रेणू शोधणाऱ्या चाचणीची, प्लेट लावणं. मिरजेत दवाखान्याच्या लॅबला असाल तर समोर सिरम (गोठलेल्या रक्तातून वेगळा होणारा पातळ भाग) येईल. पलूस-भिलवडीकडे दूध संकलनाशी संबंध असेल तर दूध, तासगावला द्राक्ष-बेदाण्यात असाल तर फळांचा अर्क, आणि सांगलीच्या मार्केट यार्डाशी निगडित काम असेल तर हळद. कॉलेजच्या प्रॅक्टिकलला सगळ्यांना एकाच बाटलीतलं बीएसए (गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन) ‘अननोन’ म्हणून मिळतं, त्यामुळे सँपल बदललं की पद्धतही बदलावी लागते हे तिथे कळतच नाही. इथे ते पहिल्या आठवड्यात कळतं.

एक गोष्ट आधी पक्की करा. रोजच्या वापरातली कुठलीच पद्धत प्रथिन थेट मोजत नाही, ती प्रथिनाची एखादी खूण पकडते. कुणी त्यातला नायट्रोजन धरतं, कुणी पेप्टाइड बंध, कुणी ठरावीक अमिनो आम्लं. अँटिबॉडी तर रेणूच्या पृष्ठभागावरचा एक चिमुकला भाग तेवढा ओळखते. तीच खूण सँपलमधल्या दुसऱ्या कशात असली, तर तेही बिनबोभाट प्रथिनात जमा होतं. म्हणून नवीन सँपल हातात आलं की आधी विचारायचं: माझी पद्धत कोणती खूण पाहते, आणि ती खूण या सँपलमध्ये आणखी कशात आहे?

कोणती पद्धत काय पकडते

सगळ्यात जुनी केल्डालची. योहान केल्डाल यांनी १८८३ साली कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत ती काढली. सँपल तीव्र सल्फ्युरिक आम्लात उकळायचं, नायट्रोजनचं अमोनियम करायचं, अल्कली घालून अमोनिया पकडायचा, टायट्रेट करायचा आणि आलेल्या नायट्रोजनला ६.२५ ने गुणायचं. दुधासाठी हा गुणक ६.३८ आहे. दुधाच्या प्रथिनासाठी संदर्भ पद्धत म्हणून आजही हीच धरतात. पण तिला फक्त नायट्रोजन दिसतो, तो कुठून आला हे कळत नाही. २००८ साली चीनमध्ये दुधात आणि बाळांच्या दूधपावडरीत मेलामाइन मिसळलं गेलं ते याच आंधळेपणाच्या भरवशावर. मेलामाइनच्या वजनात सुमारे ६६ टक्के नायट्रोजन असतो, म्हणजे १ ग्रॅम मेलामाइन हिशेबात ४ ग्रॅमपेक्षा जास्त ‘प्रथिन’ दाखवतं. सुमारे ३ लाख बाळं आजारी पडली, ६ दगावली. आपल्याकडे दुधात युरिया मिसळतात, त्याचंही गणित हेच. यावर तोड अशी की ट्रायक्लोरोअॅसेटिक आम्लाने, दुधासाठी १२ टक्क्यांच्या, प्रथिन साक्यासारखं खाली बसवायचं, वरच्या द्रावणातला नायट्रोजन वेगळा मोजायचा आणि एकूणातून वजा करायचा. उरतं ते खरं प्रथिन.

दवाखान्यातल्या ऑटो-अॅनलायझरवर ‘टोटल प्रोटीन’ म्हणून जे चालतं ते बाययुरेट. अल्कलीत तांब्याचे आयन पेप्टाइड बंधांना धरतात, जांभळा रंग येतो, ५४० नॅनोमीटरच्या आसपास वाचतात. पेप्टाइड बंध सगळ्याच प्रथिनांत असल्यामुळे अल्ब्युमिन असो की ग्लोब्युलिन, ही पद्धत फारसा भेदभाव करत नाही. संवेदनशीलता मात्र कमी, मिलीलिटरला १ ते १० मिलिग्रॅमच्या घरात. सिरममध्ये डेसिलिटरला ६ ते ८ ग्रॅम प्रथिन असतं, तिथे हे छान चालतं. लघवीतलं किंवा पाठीच्या पाण्यातलं प्रथिन यावर काढायला जाऊ नका.

लोवरीची पद्धत १९५१ सालची. तिचा शोधनिबंध विज्ञानाच्या इतिहासात सर्वाधिक वेळा उद्धृत झालेला मानला जातो. बाययुरेटच्याच तांब्यावर पुढे फोलिन-सिओकाल्टो अभिकर्मक घालायचा. टायरोसीन, ट्रिप्टोफॅन आणि तांबं लागलेले बंध मिळून त्याला निळा करतात. बाययुरेटच्या कितीतरी पट संवेदनशील. आता टायरोसीनच्या बाजूला जी कडी आहे ती फिनॉलची आहे, आणि फोलिनला कुठलंही फिनॉल चालतं. इतकं चालतं की वनस्पतीतले एकूण फिनॉल मोजायला हाच अभिकर्मक वापरतात. द्राक्षाची साल आणि बी फिनॉलने गच्च भरलेली, हळदीतलं कुर्क्युमिनही फिनॉलच. म्हणजे आपल्या भागातली ही दोन मानाची पिकं लोवरीच्या पद्धतीला थेट फसवतात. हळदीचं दुखणं तर दुहेरी आहे. हळदीला चुना लागला की तिचं कुंकू होतं हे आपल्याकडे घरोघरी ठाऊक आहे. लोवरी, बाययुरेट आणि पुढे येणारी बीसीए या तिन्ही पद्धती अल्कलीत चालतात, त्यामुळे हळदीचा अर्क त्यांत पडताच स्वतःच लालसर होतो आणि तो रंग वाचनात शिरतो. अशा सँपलमधलं प्रथिन आधी ट्रायक्लोरोअॅसेटिक आम्ल आणि थंड अॅसिटोनने खाली बसवा, अॅसिटोनने धुऊन रंग घालवा, मग पुन्हा विरघळवून मोजा. द्राक्षाचं पान किंवा साल वाटतानाच पीव्हीपीपी ही फिनॉल धरून ठेवणारी, न विरघळणारी पावडर घातली तर बरेच फिनॉल त्यालाच चिकटून गाळात जातात.

बीसीए, म्हणजे बायसिंकोनिनिक आम्लाची पद्धत, १९८५ सालची. तांबंच, पण शेवटचा रंग जांभळा आणि वाचन ५६२ नॅनोमीटरला. डिटर्जंट असलेली सँपलं ती बऱ्यापैकी सहन करते. डीटीटी, मर्कॅप्टोइथेनॉल, ग्लुकोज, ईडीटीए मात्र तिला चालत नाहीत. ही पद्धत तापमानाला हळवी आहे, त्यामुळे ३७ अंशांवर ३० मिनिटं म्हटलं की इन्क्युबेटरमध्येच ठेवायचं, टेबलावर नाही.

२८० नॅनोमीटरला थेट अल्ट्राव्हायोलेट वाचन घेणं सगळ्यात सोपं. काही घालायचं नाही, सँपल परत मिळतं. त्यासाठी क्वार्ट्झचा क्युव्हेट लागतो, साधी काच किंवा साधं प्लॅस्टिक हा प्रकाश अडवतात. शुद्ध प्रथिनासाठी ही पद्धत उत्तम. दूध, सिरम, पानांचा रस असल्या गढूळ, खिचडी सँपलांसाठी तिचा उपयोग नाही.

राहिली ब्रॅडफर्ड. मॅरियन ब्रॅडफर्ड यांनी १९७६ साली जॉर्जिया विद्यापीठात असताना ती मांडली. कुमासी ब्रिलियंट ब्लू जी-२५० हा रंग आम्लात तपकिरी असतो. तो प्रथिनाला, विशेषतः त्यातल्या आर्जिनीनला, धरला की निळा होतो आणि शोषणाचा माथा ४६५ वरून ५९५ नॅनोमीटरवर सरकतो. पाच मिनिटांत काम होतं, खर्च कमी, म्हणून कॉलेजपासून कंपनीपर्यंत सगळीकडे हीच. दोन दोष लक्षात ठेवा. एसडीएससारखं डिटर्जंट असेल तर ती कोलमडते. आणि बीएसए तिला इतर प्रथिनांपेक्षा जास्त रंग देतं. अँटिबॉडी, म्हणजे गॅमा ग्लोब्युलिन, तेवढ्याच वजनाला जवळपास निम्माच रंग देते. त्यामुळे शुद्ध केलेली अँटिबॉडी बीएसएच्या कर्व्हवर, म्हणजे माहीत असलेल्या प्रमाणांच्या (स्टँडर्डच्या) वाचनांवरून काढलेल्या आलेखावर, वाचलीत तर आकडा बराच कमी येईल. अँटिबॉडी मोजायची असेल तर स्टँडर्डही गॅमा ग्लोब्युलिनचाच घ्या.

ब्रॅडफर्ड, हाताने

सुरुवात याच पद्धतीने करा. सँपल म्हणून म्हशीचं दूध घेऊ, या भागात त्याला तोटा नाही.

अभिकर्मक: १०० मिलिग्रॅम जी-२५० घ्या. बाटलीवर आर-२५० नाही ना, हे वाचून खात्री करा, दोन्ही बाटल्या कपाटात शेजारीच असतात. ती पावडर ५० मिलीलिटर ९५ टक्के इथेनॉलमध्ये पूर्ण विरघळवा. त्यात १०० मिलीलिटर ८५ टक्क्यांचं फॉस्फरिक आम्ल घाला आणि डिस्टिल्ड पाण्याने १ लिटर करा. गाळणकागदातून गाळून तपकिरी बाटलीत ठेवा. बोअरचं पाणी कुठल्याही पायरीला वापरायचं नाही, धुतलेली भांडीसुद्धा शेवटी डिस्टिल्डनेच विसळायची.

स्टँडर्ड: १० मिलिग्रॅम बीएसए १० मिलीलिटर पाण्यात. पावडर पाण्यावर भुरभुरवून तशीच ठेवा, ती आपसूक विरघळते. जोरात हलवलंत तर फेस होईल आणि फेसात अडकलेलं प्रथिन द्रावणात राहणार नाही. यंत्र असेल तर २८० ला वाचून पाहा. १ मिलिग्रॅमच्या बीएसएचं वाचन साधारण ०.६६ यायला हवं. नाही आलं तर वजन करताना काहीतरी चुकलंय, पुढे जाऊ नका.

आता सहा नळ्या मांडा. त्यांत स्टँडर्ड ०, २०, ४०, ६०, ८० आणि १०० मायक्रोलिटर घाला आणि प्रत्येकीत पाणी घालून १०० मायक्रोलिटर पूर्ण करा. त्यांत आता तेवढेच मायक्रोग्रॅम प्रथिन आहे. प्रत्येक नळीची जोडी लावा. एकेकट्या वाचनावर विश्वास ठेवण्याइतका कुणाचाच हात सुरुवातीला स्थिर नसतो.

दूध सेंट्रिफ्यूज करून वरची साय बाजूला सारा आणि खालचं घ्या. म्हशीच्या दुधात साधारण ४ टक्के, म्हणजे मिलीलिटरला ४० मिलिग्रॅम प्रथिन असतं. आपला कर्व्ह मात्र १०० मायक्रोग्रॅमला संपतो. म्हणून १:१००. हे एका दमात करू नका. १ मिली दूध आणि ९ मिली पाणी, मग त्यातलं १ मिली आणि पुन्हा ९ मिली पाणी. दर वेळी टिप बदला. यातलं १०० मायक्रोलिटर घेतलं की नळीत सुमारे ४० मायक्रोग्रॅम येतात, कर्व्हच्या अगदी मधोमध.

प्रत्येक नळीत ५ मिलीलिटर अभिकर्मक घाला, हलक्या हाताने मिसळा, ५ मिनिटं थांबा आणि तासाच्या आत ५९५ ला वाचा. क्वार्ट्झ क्युव्हेट इथे वापरू नका, निळा रंग त्याला चिकटून बसतो. काच किंवा प्लॅस्टिक घ्या आणि नंतर इथेनॉलने पुसा.

समजा कर्व्हवर ४१ मायक्रोग्रॅम आले. ते ०.१ मिलीलिटरमध्ये आहेत, म्हणजे मिलीलिटरला ४१०. त्याला १०० ने गुणा, ४१,००० मायक्रोग्रॅम, म्हणजे ४१ मिलिग्रॅम, म्हणजे सुमारे ४.१ टक्के. नवशिक्यांच्या वहीत या शेवटच्या ओळीत एखादं शून्य फार वेळा हरवतं. उत्तर आलं की ‘म्हशीच्या दुधात एवढं असतं का?’ एवढं स्वतःला विचारलं तरी निम्म्या चुका तिथेच सापडतात. ब्रॅडफर्डचा कर्व्ह वरच्या टोकाला वाकतो, पट्टी ठेवून तो सरळ करू नका. आणि सगळ्यात वरच्या स्टँडर्डच्या पुढे गेलेलं वाचन ग्राह्य धरायचं नाही. सँपल आणखी पातळ करून पुन्हा लावायचं.

एलायझा: एकच प्रथिन, हजारोंच्या गर्दीतून

वरच्या सगळ्या पद्धती ‘एकूण किती’ एवढंच सांगतात. सिरममध्ये डेंग्यूच्या विषाणूचं एनएस१ हे प्रथिन आहे का, दुधात अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचं विष आहे का, असं विचारायचं झालं तर अँटिबॉडी लागते. रोझलिन यॅलो आणि सॉलोमन बर्सन यांनी १९६० च्या सुमारास किरणोत्सारी आयोडीन लावून इन्सुलिन मोजलं, त्यासाठी यॅलो यांना १९७७ चं नोबेल मिळालं. १९७१ मध्ये स्टॉकहोमला एव्हा एंगव्हॉल आणि पीटर पर्लमन यांनी किरणोत्सर्गाच्या जागी एन्झाइम आणलं, आणि त्याच सुमारास नेदरलँड्समध्येही तेच घडलं. त्यामुळे आज तालुक्याच्या लॅबलाही ही चाचणी करता येते.

किट उघडण्याआधी माहितीपत्रकात आपली एलायझा कोणत्या प्रकारची आहे ते पाहा, कारण रंगाचा अर्थ त्यावर ठरतो.

सँडविचमध्ये वेलच्या, म्हणजे प्लेटमधल्या छोट्या खळग्याच्या, तळाला एक अँटिबॉडी चिकटवलेली असते. ती सँपलमधला रेणू धरते आणि एन्झाइम लावलेली दुसरी अँटिबॉडी त्याच रेणूला वरून धरते. रेणू जास्त, रंग जास्त. एनएस१ असंच मोजतात. अप्रत्यक्ष प्रकारात तळाला जंतूचं प्रथिन असतं आणि आपण सँपलमधली अँटिबॉडी शोधतो. गाई-म्हशींतला ब्रुसेलोसिस सिरममधून किंवा दुधातून असा तपासतात.

पावसाळ्यात मिरजेच्या लॅबमध्ये ज्याचे ढीग लागतात ती डेंग्यू आयजीएम (संसर्गात आधी तयार होणारी अँटिबॉडी) एलायझा याहून थोडी निराळी. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेचं किट सरकारी केंद्रांत चालतं, ते आयजीएम-कॅप्चर प्रकारचं आहे. तळाला माणसाच्या आयजीएमला पकडणारी अँटिबॉडी, तिच्यावर रुग्णाचं आयजीएम, त्यावर डेंग्यूचं अँटिजेन, त्यावर बायोटिन लावलेली अँटिबॉडी आणि शेवटी बायोटिनला धरणारं अॅव्हिडिन-एचआरपी (एचआरपी हे रंग देणारं एन्झाइम). आधी आयजीएमच वेगळं काढल्यामुळे जुन्या आयजीजीची (आधीच्या संसर्गातून उरलेल्या अँटिबॉडीची) अडचण कमी होते. सँपल तापाच्या कितव्या दिवशी घेतलं हे फॉर्मवर नसेल तर फोन करून विचारा. पहिल्या पाचेक दिवसांत एनएस१ सापडतं, आयजीएम त्यानंतर वर येतं. दुसऱ्या दिवशीच्या सँपलची आयजीएम ‘निगेटिव्ह’ रुग्णाच्या नातेवाइकांना उगीच निर्धास्त करते.

चौथा प्रकार स्पर्धेचा, आणि नवा माणूस सगळ्यात जास्त इथेच गोंधळतो. अफ्लाटॉक्सिन, प्रोजेस्टेरॉन, प्रतिजैविकांचे अंश हे रेणू इतके लहान असतात की दोन अँटिबॉडी एकाच वेळी त्यांच्यावर बसूच शकत नाहीत. म्हणून सँपलमधलं अफ्लाटॉक्सिन आणि किटमधलं एन्झाइम लावलेलं अफ्लाटॉक्सिन यांना मोजक्या अँटिबॉडींसाठी भिडवतात. सँपलमध्ये विष जास्त असेल तर एन्झाइमवाल्याला जागा कमी मिळते आणि रंग फिका येतो. गडद वेल म्हणजे स्वच्छ दूध. शून्य स्टँडर्डचं ओडी (रंगाच्या गडदपणाचं वाचन) १.८० आणि सँपलचं ०.९० असेल तर बंधन ५० टक्के, आणि ते कर्व्हवर पाहून आकडा काढायचा.

या चाचणीचं आपल्याकडे खरंच काम आहे. बुरशी लागलेल्या सरकी पेंडीत, शेंगदाणा पेंडीत किंवा मक्यात अफ्लाटॉक्सिन बी१ असतं. जनावराने ते खाल्लं की त्यातला थोडा भाग, साधारण १ ते ३ टक्के, एम१ होऊन दुधात उतरतो, आणि दूध तापवून किंवा पाश्चराइज करून जात नाही. देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची, म्हणजे एफएसएसएआयची, मर्यादा किलोला ०.५ मायक्रोग्रॅम आहे, युरोपची ०.०५. बरीच किटं युरोपच्या मर्यादेभोवती बेतलेली असल्याने त्यांचा वरचा स्टँडर्ड आपल्या मर्यादेच्या बराच खाली संपतो. अशा वेळी सँपल पातळ करण्याची सोय पत्रकात दिलेली असते, ती पाळा. आणि एलायझात जास्त आलेलं दूध एचपीएलसी किंवा मास स्पेक्ट्रोमेट्रीवर पडताळल्याशिवाय कुठल्याही शेतकऱ्याच्या नावापुढे ‘नापास’ लिहू नका.

प्लेट लावताना

किट फ्रीजमधून काढून अर्धा तास बाहेर ठेवायचं, सगळ्या बाटल्या खोलीच्या तापमानाला आल्या पाहिजेत. माहितीपत्रकातलं ‘खोलीचं तापमान’ म्हणजे २० ते २५ अंश. एप्रिल-मेमध्ये सांगलीतल्या बिनएसीच्या खोलीत पारा त्याच्या कितीतरी वर असतो, तिथे अर्ध्या तासाची पायरी जास्तच गडद येते. एसी खोली नसेल तर तापमान राखणारा इन्क्युबेटर मागून घ्या.

प्लेटचा नकाशा आधी कागदावर. ९६ वेल आहेत. ८ स्टँडर्डच्या जोड्या म्हणजे १६, दोन कंट्रोलच्या (निकाल आधीच माहीत असलेल्या सँपलांच्या) जोड्या म्हणजे ४, राहिले ७६. म्हणजे जोडीने ३८ सँपलं. नकाशा न करता ‘लक्षात राहतं’ म्हणणाऱ्यांच्या प्लेटी मी पाहिल्या आहेत. सहाव्या ओळीपासून कुणाचं कुठलं हे देवालाही सांगता येत नाही.

सिरमसाठी घेतलेलं रक्त नीट साकळू द्या, मगच फिरवा. रक्त फुटून लाल झालेलं सिरम नको. हिमोग्लोबिन स्वतःच थोडं पेरॉक्सिडेजसारखं वागतं आणि एचआरपीच्या चाचणीत खोटा रंग देऊ शकतं. सँपल पुन्हा पुन्हा गोठवू-वितळवू नका, सुरुवातीलाच छोट्या नळ्यांत भाग करून उणे २० ला ठेवा. इकडे वीज जाते. डीप फ्रीजरमध्ये पेलाभर पाणी गोठवून त्यावर एक नाणं ठेवा. सोमवारी नाणं बर्फाच्या आत गेलेलं दिसलं, तर रविवारी सगळं वितळून परत गोठलंय.

स्वतः प्लेट कोट करणार असाल तर अँटिबॉडी किंवा अँटिजेन मिलीलिटरला १ ते १० मायक्रोग्रॅम, ९.६ पीएचच्या कार्बोनेट-बायकार्बोनेट बफरमध्ये, वेलला १०० मायक्रोलिटर, ४ अंशांना रात्रभर. मग उरलेला तळ झाकायला ब्लॉकिंग, म्हणजे बीएसए किंवा साय काढलेली दूधपावडर, तासभर. गाई-म्हशींच्या अँटिबॉडी शोधायच्या असतील किंवा पुढे बायोटिन-अॅव्हिडिन असेल तर दूधपावडर टाळा. दुधात अँटिबॉडीही असतात आणि बायोटिनही. आणखी एक: बफर टिकावं म्हणून घातलेलं सोडियम अझाइड एचआरपीला मारतं. सगळी प्लेट पांढरी राहिली तर पहिला संशय त्याच्यावर घ्या.

पिपेटिंग हीच या कामातली खरी कारागिरी. नवीन टिप द्रावणाने एक-दोनदा भिजवून घ्या, पिपेट उभं धरा, टिप दोन-तीन मिलीमीटरच बुडवा, बोट सावकाश सोडा. सिरम दाट असतं, फटकन सोडलंत तर हवा येते. आपलं पिपेट खरं बोलतंय का हे चार दशांशांच्या काट्यावर पाहता येतं. १०० मायक्रोलिटर पाणी जवळपास ०.१००० ग्रॅम भरायला हवं. दहा वेळा तोलून पाहा. पहिल्या वेलपासून शेवटच्या वेलपर्यंत पोचायला फार वेळ लागत असेल तर मल्टिचॅनल मागा, नाहीतर पहिल्या ओळीला जास्त वेळ मिळतो आणि शेवटची फिकी पडते.

प्लेट झाकून इन्क्युबेट करा, एकावर एक रचू नका. कडेचे वेल लवकर तापतात आणि सुकतात, म्हणून चारही कडांचे आकडे मधल्यांपेक्षा वेगळे येतात.

धुणं. कंटाळवाणं आहे, पण निम्म्या बिघडलेल्या प्लेटी इथेच बिघडतात. वॉश बफरच्या दाट बाटलीत फ्रीजमध्ये खडे धरलेले असतात, ते कोमट करून पूर्ण विरघळल्याशिवाय पातळ करू नका, नाहीतर क्षार बाटलीतच राहतात. वेल काठोकाठ, सुमारे ३०० मायक्रोलिटर, पत्रकात सांगितलंय तितक्या वेळा. प्रत्येक वेळी प्लेट उलटी करून टिश्यू पेपरवर ठोका. ठोकल्यावर तशीच ठेवून चहाला जाऊ नका, वेल सुकता कामा नये. यंत्राने धुताना एखादी ओळ कायम गडद येत असेल तर नळी तुंबली आहे.

टीएमबी, म्हणजे एचआरपीमुळे निळं होणारं द्रावण, स्वच्छ पाण्यासारखं असायला हवं. बाटलीतच निळसर दिसलं तर फेका. लागेल तेवढंच वेगळ्या भांड्यात ओता आणि उरलेलं परत बाटलीत घालू नका. अंधारात ठेवा, घड्याळ लावा. ज्या क्रमाने आणि ज्या वेगाने टीएमबी घातलं त्याच क्रमाने आणि वेगाने सल्फ्युरिक आम्लाचं स्टॉप द्रावण घाला. निळ्याचं पिवळं होईल. पंधरा मिनिटांत ४५० नॅनोमीटरला वाचा, संदर्भ ६२० किंवा ६३०. तळाला बोटांचे ठसे असतील तर आधी पुसा.

आकडे वाचताना

रुग्णाच्या आकड्याकडे आधी बघायचं नाही. ब्लँक, स्टँडर्ड, पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह कंट्रोल पत्रकातल्या मर्यादेत आहेत का ते पाहा. नसतील तर प्लेट रद्द, मग कुणी कितीही घाई करो. जोडीतल्या दोन वाचनांत १५ टक्क्यांहून जास्त तफावत असेल तर ते सँपल पुन्हा. कर्व्हसाठी सॉफ्टवेअरमध्ये चार-पॅरामीटरचा पर्याय निवडा, एलायझाचा कर्व्ह एसच्या आकाराचा असतो. आजच्या प्लेटचं ओडी कालच्या प्लेटच्या ओडीशी ताडून पाहू नका, प्रत्येक प्लेटला तिचाच कर्व्ह आणि तिचाच कटऑफ. कंट्रोलचे आकडे मात्र रोज आलेखावर मांडत जा. दोन एसडीच्या (प्रमाण विचलनाच्या) बाहेर गेला तर कान टवकारा, तीनच्या बाहेर गेला तर थांबा.

सगळं एकाच वेळी घालायच्या सँडविच किटमध्ये एक विचित्र गोष्ट घडते. रेणू अतिच जास्त असेल तर दोन्ही अँटिबॉडी वेगवेगळ्या रेणूंनी भरून जातात, सँडविच बनतच नाही आणि रंग कमी येतो. लक्षणं जोरात आणि आकडा किरकोळ असं दिसलं तर सँपल दहापट, शंभरपट पातळ करून परत लावा. पातळ केल्यावर आकडा वाढला तर हेच घडलं होतं.

आवरताना

टिपा आणि वापरलेल्या प्लेटी लाल पिशवीत, सुया पांढऱ्या न भोसकणाऱ्या डब्यात, काच निळ्या खोक्यात. सिरम आणि धुतलेलं पाणी हायपोक्लोराइटमध्ये. अफ्लाटॉक्सिनचे स्टँडर्ड हाताळताना हातमोजे नेहमीच, आणि त्या भांड्यांनाही हायपोक्लोराइट. पिवळी झालेली प्लेट मात्र त्या टबात बुडवायची नाही. तिच्यात सल्फ्युरिक आम्ल आहे, आणि आम्ल हायपोक्लोराइटला भेटलं की क्लोरीन वायू सुटतो. ती आधी वेगळ्या भांड्यात रिकामी करून खाण्याच्या सोड्याने फेस थांबेपर्यंत उदासीन करा. हे लॅबमधल्या काका-मावशींनाही सांगून ठेवा. प्लेट लागते तेव्हा ते तिथे नसतात, पण संध्याकाळी टब त्यांनाच ओतायचा असतो.